पडत्या बाटलीतलं पाणी

पंपमामा पंप दुरुस्त करायचे, पण बटण दाबायचे नाहीत. म्हणजे मोटर बसवायचे, वायरी जोडायचे, पाइपाच्या तळाचा फूटव्हॉल्व्ह धुऊन परत विहिरीत सोडायचे, हात पुसायचे आणि स्विचबोर्डाकडे पाठ करून उभे राहायचे. ज्याची वाडी असेल त्याने आधी रॉकेटातली एक गोष्ट ऐकायची, मग ती आपल्या शब्दांत मामांना उलट सांगायची. मामांना पटली तरच केळीला पाणी. आमच्या निर्मळ गावातल्या आणि आसपासच्या सगळ्या वाडीवाल्यांनी ही खंडणी वर्षानुवर्षं भरलेली आहे.

आमच्या आईनेही भरली. एकदा भर मे महिन्यात चार दिवस पंप बंद होता, मोगऱ्याने माना टाकल्या होत्या, आणि मामा विचारत होते, "ताई, रॉकेटाचे तुकडे वाटेत का गळतात?" आई वैतागली. "अहो मामा, तुमचं रॉकेट गेलं खड्ड्यात, आधी बटण दाबा!" मामा जागचे हलले नाहीत. शेवटी आई म्हणाली, "मी बाजाराला दोन टोपल्या घेऊन निघते. एकीतली भाजी वाटेतच विकली गेली, तर रिकामी टोपली कशाला मिरवू डोक्यावर? देते कुणाच्या ओट्यावर टाकून." मामांनी टाळीच वाजवली. "हेच! अगदी हेच! इंधन संपलं, टाकी टाकली. ताई, तुम्ही पास." त्यानंतर टीव्हीवर उड्डाण लागलं की आई आम्हाला गप्प बसवायची आणि सांगायची, "आता बघा, टोपली टाकेल."

मामा आमच्या शेजारच्या आळीतले, ख्रिस्ती. खरं नाव चर्चच्या वहीत असेल, बाकी कुणी वापरल्याचं मी ऐकलं नाही. शाळा नववीत सुटली, मग गोखिवऱ्याच्या एका गाळ्यात मोटरींचं वाइंडिंग शिकले. तिथे बेअरिंग गुंडाळून आलेल्या एका जुन्या मासिकाच्या पानावर त्यांना रॉकेटच्या इंजिनाचं उभं कापलेलं चित्र दिसलं. त्या चित्रात मधोमध पंप होता. "बाय, त्याच्या पोटात पंप हाय गं!" हे मला सांगताना इतक्या वर्षांनीसुद्धा त्यांचा आवाज चढायचा. ज्याच्या पोटात पंप, ते आपल्या धंद्यातलं, असा त्यांचा सरळ हिशेब. मोठमोठे शास्त्रज्ञ म्हणजे त्यांच्या लेखी लांबच्या गावचे पंपवाले.

मी सातवीत असताना त्यांनी रद्दीतून रॉकेटांवरचं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणलं आणि माझ्यासमोर ठेवलं. मी पंपघराच्या पायरीवर बसून वाचायची, मांडीवर शब्दकोश. अर्धं मला कळायचं नाही, अर्धं त्यांना. मग ते कोळशाने जमिनीवर चित्र काढायचे, मी पुन्हा वाक्य वाचायची, आणि कधीतरी दोघांच्याही डोक्यात एकदम उजेड पडायचा. मी इंजिनिअर झाले ती त्या पायरीमुळे. नोकरीच्या मुलाखतीत मला विचारलं होतं, या क्षेत्रात कशा आलात म्हणून. मी तिथे काहीतरी भलतंच आणि चकचकीत उत्तर दिलं.

उड्डाणाच्या दिवशी मामा आपला टीव्ही अंगणात मांडायचे. फुलवाल्या बायका, केळीवाले, रिक्षावाले, कॉन्व्हेंटमधल्या दोन सिस्टर, जो येईल तो आपली खुर्ची घेऊन यायचा. प्रश्नांना बंदी नव्हती. कुणी विचारलं, "वर हवा नाय, मग जाळ कसा धरतो?" मामा म्हणायचे, "लांबच्या गावी लग्नाला जाताना पाण्याचे जार टेम्पोत टाकता की नाय? का म्हणता, पोचल्यावर बघू? रॉकेटवाला हवा घरूनच घेऊन निघतो." लोक हसायचे आणि घरी जाऊन तेच दुसऱ्याला सांगायचे. समजावताना समोरच्याला लहान वाटू द्यायचं नाही, ही त्यांची हातोटी होती. ती मला कधीच आली नाही.

त्यांचा सगळ्यात आवडता प्रयोग बाटलीचा. प्लॅस्टिकच्या बाटलीला बुडाशी भोक पाडायचं, पाणी भरायचं, झाकण उघडं ठेवायचं. भोकातून धार लागली की मामा शिडीवर चढणार आणि बाटली खालच्या टबात सोडून देणार. बाटली पडत असते तेवढा वेळ धार थांबते. खरंच थांबते, कुणीही करून बघा. "पडणाऱ्याला वजन नसतं," मामा शिडीवरूनच ओरडायचे. "वरचे अंतराळवीर तरंगतात ते का? पृथ्वी त्यांना ओढतेच आहे, चांगली दाबून ओढते. पण यान पडता पडता पुढे असं धावतं, की ते खाली पोचेपर्यंत जमीनच वळून जाते. जन्मभर पडायचं आणि आपटायचं मात्र नाय!"

मंगळाकडे आपलं यान निघालं त्या हिवाळ्यात गावच्या मंडळाच्या सभागृहात मामांचा कार्यक्रम ठेवला होता. मी इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला, चार महिने जुनी. माझी जीभ तशी जन्मापासूनच लांब, त्यात आता कॉलेजचं ओळखपत्र गळ्यात. मामा शिडीवर, हातात बाटली, सभागृह गच्च. आणि मी उभी राहिले. "मामा, हे चुकीचं आहे. वर गुरुत्वाकर्षण नसतंच. म्हणून तर झीरो ग्रॅव्हिटी म्हणतात."

मामांनी वरून माझ्याकडे पाहिलं. चिडले नाहीत. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. "मग बाय, ह्या बाटलीतलं पाणी का थांबतं?"

मला माहीत नव्हतं. माहीत नाही म्हणायला काय जात होतं माझं? पण दोनशे डोळे माझ्यावर होते. मी म्हटलं, "ते हवेच्या दाबामुळे. तो वेगळा प्रकार आहे."

मामा शिडीवरून उतरले. बाटली टबात ठेवली आणि लोकांकडे वळून म्हणाले, "ऐकलंत ना? आपल्या निर्मळची पोरगी आहे. मला सुधारलं तिने. आजपासून असंच सांगायचं." लोकांनी टाळ्या वाजवल्या. सगळ्यात जास्त मामांनी.

पुढच्याच सत्रात सरांनी फळ्यावर पृथ्वी काढली, तिच्याभोवती यान काढलं आणि जे सांगितलं ते शब्दाशब्दाला मामांचं होतं. फक्त बाटली नव्हती. त्या दिवशी फोन करायला हवा होता, नंबर पाठ होता. म्हटलं, सुट्टीत गाठू, समोर बसून सांगू. सुट्टीत गेले तर मामा गिऱ्हाइकाला माझी ओळख करून देत होते, "हीच ती, आमची मास्तरीण." आता त्या माणसासमोर कसं सांगायचं? मग नाताळात सांगू, मग मे महिन्यात सांगू. पुढे पुण्याला नोकरी लागली. दहा वर्षं मी ही गोष्ट अशी ढकलत नेली. त्या दहा वर्षांत मामांनी शिडी आणि बाटली आवरून ठेवली होती, आणि वाडीवाडीतून, गोखिवऱ्याच्या गाळ्यांतून, जूचंद्रच्या चाळींतून माझी चूक माझं नाव घेऊन सांगितली होती.

चंद्रावर आपलं यान उतरलं त्या संध्याकाळी मी घरी आले होते. मामांच्या अंगणात जत्रा लोटली होती. नव्या इमारतीत राहायला आलेले एक शिक्षक गर्दीत होते. मामांचं ऐकून ते हळूच म्हणाले, "काका, तसं नाही हो, वरही गुरुत्वाकर्षण असतं." मामा कधी नव्हे ते तडकले. "आमची इंजिनेर सांगून गेलीय! बसलीय बघा इथे, विचारा तिला!" शिक्षकांनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. तेवढ्यात टीव्हीवर यान उतरलं, एकच जल्लोष झाला, लोक एकमेकांच्या तोंडात पेढे कोंबू लागले आणि मी वाचले. वाचल्याचा आनंद झाला मला, काय सांगू!

अंगण रिकामं झाल्यावर मात्र राहवेना. खुर्च्या आवरता आवरता मी सगळं सांगून टाकलं. मामांनी हातातली खुर्ची खाली ठेवली. मग म्हणाले, "म्हणजे बाटली बरोबर होती?"

"हो मामा."

ते आत गेले, बाटली आणि खिळा घेऊन आले. भोक पाडलं, पाणी भरलं, स्टुलावर चढले आणि बाटली सोडली. धार थांबली. "बरोबर होती गं!" असे हसले, असे हसले, की मला वाटलं, सुटले बाई मी! मग ते स्टुलावरच बसले. "दहा वर्षं मी लोकांना खोटं सांगितलं."

"मामा, मी सांगते सगळ्यांना. चूक माझी आहे."

"तू पुण्याला जा. तुला माणसं कुठे माहीत? मला एकेक तोंड आठवतं." मी निघताना त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तुझं नाव नको निघायला. लग्न व्हायचंय तुझं, नोकरी आहे. माझं काय, पंपवाला चुकला तर चुकला." मी नको म्हणायला हवं होतं. माझ्या तोंडून फक्त "बरं" निघालं.

दुसऱ्या दिवसापासून मामा सायकलच्या हँडलला बाटली अडकवून निघाले. घरोघर जायचे, भर दुपारी माणसाला उठवून सांगायचे, "मी चुकीचं सांगितलं होतं, हे बघा." लोकांनी आधी चेष्टा केली. "मामा, काल एक, आज एक, उद्या काय सांगणार?" मग मागे बोलू लागले. ज्याला दहा वर्षांपूर्वीचं बरोबर आणि कालचं चूक वाटतं, त्याच्या हातात विजेची मोटर कशी द्यायची? पंपाला दुसऱ्या मेकॅनिकला बोलवायला लागले. तो गुपचूप यायचा, बटण दाबायचा, जायचा. आई फोनवर म्हणाली, "अगं, मामा आपल्याकडेही येऊन गेले. लोक वेडं ठरवतायत त्यांना. तू येऊन बोल ना चार लोकांत." आईला मी तोवर सगळं सांगितलं होतं. मी म्हटलं, या रविवारी येते. त्या रविवारी माझं काम निघालं. त्याच्या पुढच्या रविवारीही निघालं. खरं सांगायचं तर काम नव्हतंच.

पुढच्या पावसाळ्यात मामा तापाने गेले. चार दिवसांचं आजारपण. मी मातीला पोचले. चर्चच्या दफनभूमीत चिखल होता, लोक छत्र्या सावरत एकेक करून मूठभर माती टाकत होते. माझ्या शेजारी मंडळाचे सेक्रेटरी उभे होते, ज्यांनी तो कार्यक्रम ठेवला होता तेच. हळू आवाजात म्हणाले, "माणूस सोन्यासारखा. पण शेवटी डोकं जरा फिरलं होतं, नाही? एवढी वर्षं सगळं नीट सांगितलं आणि जाता जाता उलटंच सांगत सुटले. तू तर ओळखायचीस त्यांना जवळून."

माझी पाळी आली. मी माती टाकली, हात झटकले आणि म्हटलं, "हो ना काका. वय झालं होतं."