ड्रान्सफील्ड मास्तर आणि त्यांच्या पाठीमागची बाई

हेस्केथ ड्रान्सफील्डना थॉर्नशॉ या आमच्या गिरण्यांच्या गावात सगळे मास्तर म्हणत, कारण दर रविवारी ते चर्चमध्ये कॉन्सर्टिना शिकवत. ही दोन हातांत धरून दाबायची छोटी पेटी. मास्तर ती पोटाशी धरून असा चेहरा करत की आजारी मांजर डॉक्टरकडे चालवलंय असं वाटावं. बाकीचे सहा दिवस ते कापडाच्या गोदामात ठाणं मोजत. एकेचाळिसाव्या वर्षी गोदाम सोडून ते ‘ड्रान्सफील्ड आणि झिला’ या नावाने थिएटरात उभे राहिले. जादूगार आणि शिकवलेले कुत्रे यांच्या मधली दहा मिनिटं त्यांची. बिनलग्नाचा माणूस, अडवणार कोण?

झिला क्रॅब्ट्री गिरणीत चार माग सांभाळायची. तिला पेटी येत नव्हती, गळाही बेताचा. तिचं काम मास्तरांच्या पाठीमागे वही धरून उभं राहण्याचं.

मागाच्या खात्यात असा खडखडाट असतो की देवाने हाक मारली तरी ऐकू जायची नाही. म्हणून आमच्या विणकर बायका आवाजाशिवाय बोलतात. ओठ ताणून, भुवया उडवून. याला मी-मॉ म्हणतात. नवऱ्याच्या शेजारी उभं राहून त्याची अब्रू खात्याच्या दुसऱ्या टोकाला पोचवता येते. झिला थिएटरात तेच करी. मास्तर डोळे मिटून भक्तिगीत वाजवत, आणि मागे झिला शेवटच्या रांगेलाही वाचता येईल अशा ओठांनी त्यांच्याबद्दल बोले. प्रेक्षक सगळे गिरणीतले. बाकं तेवढी मोडायची राहत.

मास्तर गोदामातले, आणि गोदामात शांतता. झिला मागे तोंडं वेंगाडते एवढं त्यांना ठाऊक होतं. त्यात वाक्यं असतात हे तीन वर्षांत कोणी सांगितलं नाही, कारण ते त्यांना माहीत असणारच असं सगळे धरून चालले होते. लंडनला एकदा आठवडाभर खेळ झाले. तिथे कोणाला ओठ वाचता येईनात. थिएटरात स्मशानशांतता. झिला रोज खोलीवर येऊन रडे. मास्तरांनी परत आल्यावर सांगितलं, राजधानीतल्या लोकांना कान आहेत.

मग मर्सी होलरॉइडने तक्रार केली. मर्सी तीस वर्षं मागावर, चर्चमध्ये पहिल्या बाकावर. ही झिला अश्लील बोलते, असं तिचं म्हणणं. खात्री करून घ्यायला तिने खेळ चार वेळा पाहिला होता. प्रकरण परवाना समितीकडे गेलं. थिएटरच्या मालकाने दोघांना बोलावून सुनावलं की परवाना गेला तर असल्या जोडीला पुढे कुठलंच थिएटर दारात उभं करणार नाही. झिलाला माग परत मिळाला असता. मास्तरांच्या जागी मात्र गोदामाने केव्हाच दुसरा माणूस नेमला होता.

“तक्रार कसली?” मास्तर म्हणाले. “आपल्या खेळात एक शब्द नाही.”

झिला पहिल्यांदाच गप्प बसली, ओठांसकट.

समितीत तीन सद्गृहस्थ. त्यांपैकी एकाची स्वतःची गिरणी होती, पण तो आत जाई तो वर्षातून एकदा, यंत्रं बंद असताना. अध्यक्षांनी मर्सीला विचारलं की ती बाई नेमकं काय म्हणाली. मर्सी उठली, तोंड उघडलं आणि लाल झाली. समोर तिच्या चर्चचे पाद्री बसले होते. सभ्य माणसांपुढे हे उच्चारवत नाही, असं ती म्हणाली. न उच्चारता समितीला कळणार कसं, असं अध्यक्षांनी विचारलं.

तेव्हा मर्सीने तीस वर्षं करत आली तेच केलं. लाजेची गोष्ट मागावर सांगतात तशी तिने ती ओठांनी अख्खी सांगितली. प्रामाणिक बाई, एक भुवईसुद्धा गाळली नाही.

मागच्या बाकांवर साठेक विणकरणी होत्या. त्यांचं हसू आवरायला शिपायाला पाच मिनिटं लागली.

“बाई, आता बोला,” अध्यक्ष म्हणाले.

“बोलले की!”

कारकुनाने लिहून घेतलं: साक्षीदार काही बोलली नाही. तक्रार फेटाळली गेली.

बाहेर झिलाच्या पाठीवर थापा पडत होत्या. मास्तर तेवढे हसत नव्हते. आज पेटी घरी होती, मर्सीने नुसते ओठ हलवले होते, आणि तरी लोक तसेच हसले होते. तीन वर्षांचा हिशेब त्यांनी तिथल्या तिथे लावला.

“मर्सी काय म्हणाली?” त्यांनी झिलाला विचारलं.

झिलाने ओठ हलवले.

“मोठ्याने.”

“राहू द्या ना, मास्तर.”

“मोठ्याने, पोरी.”

“‘बिचाऱ्याला बायको नाही, म्हणून पेटी दाबतोय,’” झिला बुटांकडे बघत म्हणाली. “आणि मग, ‘पेटीसुद्धा कंटाळली, ऐका.’”

मास्तर पायरीवर बसले. झिला म्हणाली, तुम्ही सांगाल तर सोमवारपासून मी मागावर जाते. मास्तरांनी गुडघ्यावर बोटांनी पूर्ण भक्तिगीत वाजवून काढलं.

“दुसरं वाक्य कुठे म्हणतेस?”

“तिसऱ्या कडव्यात.”

“तिथे माझा सूर चढतो. हशाखाली मरतो बिचारा. चौथ्याच्या शेवटी मी पेटी पूर्ण उघडून थांबतो, तिथे म्हण. मी आणखी थांबेन.”

“किती?”

“तुझं होईपर्यंत.”

त्या सोमवारी मास्तर तालाचे चार ठोके थांबले. हशा इतका वाढला की पुढच्या आठवड्यात त्यांनी सहा केले. तिसरं कडवंही आता शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू जाऊ लागलं. ते फारसं बरं वाजत नव्हतं, असं झिलाचं मत पडलं. ते तिने प्रेक्षकांना ओठांनीच सांगितलं.