प्रभारी कण

स्वतः कधी डोळ्यांनी न पाहिलेल्या यंत्रावर आमच्या विज्ञानाच्या सरांइतका जीव टाकणारा माणूस डहाणू आणि तलासरी या दोन्ही तालुक्यांत मिळून दुसरा झाला नसेल. त्या यंत्राचे नाव मास स्पेक्ट्रोमीटर. उधव्याच्या शाळेत ते विज्ञान शिकवत, मी मराठी, आणि डहाणूहून आम्ही एकाच एस.टी.ने जायचो. त्यामुळे दहावीच्या पुस्तकात नसलेले हे यंत्र मुलांच्या आधी माझ्या वाट्याला येई. "घोलवडच्या बायका चिकू हातात घेतात आणि लहान-मोठा वेगळा करतात," ते म्हणत, "पण अणूला हात कोण लावणार, सर? तो दिसत नाही, तराजूत बसत नाही. मग त्याला आधी डिवचायचं! त्याचा एक इलेक्ट्रॉन काढून घेतला की त्याच्यावर प्रभार येतो, त्याचा आयन होतो. त्याला विजेच्या क्षेत्रातून पळवायचं आणि चुंबकाच्या क्षेत्रात वळवायचं. हलका जास्त वळतो, जड कमी वळतो. कोण कुठे जाऊन पडला ते बघितलं की पटली ओळख!" ही वळणे ते हवेत बोटाने काढून दाखवत, आणि त्या नादात आमचा थांबा दोनदा मागे पडला आहे.

२०१५ साली डहाणूजवळच्या मसोलीला माझ्या घरी अजून जुना, मागे पोट सुटलेला टीव्ही होता. एका रविवारी सर चहाला आले ते पिशवीत मोडक्या स्पीकरचे चुंबक घेऊनच. "वहिनी, प्रभारित कण कसा वळतो ते बघा," म्हणत त्यांनी ते पडद्याला लावले, आणि मालिकेतल्या सासूबाईंचे तोंड हिरवेगार होऊन कानाकडे ओघळले. माझी बायको किंचाळली. सर मात्र देवघरासमोर उभे राहावे तसे उभे. "इलेक्ट्रॉन वळतायत, वहिनी! तुमच्या घरात!" चुंबक काढल्यावरही कोपऱ्यातला हिरवा डाग काही गेला नाही. बायकोने पुढे महिनाभर त्यांना बिनसाखरेचा चहा दिला, आणि त्यांच्या ते लक्षातही आले नाही. मला मात्र, खरे सांगतो, त्या दिवशी अंगावर काटा आला. ज्या डबड्यासमोर बसून मी इतकी वर्षे शेंगा सोलल्या, त्याच्या पोटात हे चालले होते आणि मला पत्ताच नव्हता.

एका बाबतीत सर ठाम होते. मुख्याध्यापकांची जागा रिकामी झाली की ज्येष्ठ शिक्षकाला प्रभारी नेमतात. सर सर्वांत ज्येष्ठ, पण दर वेळी हात जोडून नकार देत. "ज्याच्यावर प्रभार नाही त्याला कुठलंच क्षेत्र वळवू शकत नाही. प्रभार आला की संपलं. इकडून संस्था वळवणार, तिकडून तालुका." हे वर्गातही बोलले असणार, कारण चाचणीत 'प्रभारित कण म्हणजे काय?' या प्रश्नाला एका मुलीने उत्तर लिहिले, 'मुख्याध्यापक नसताना सही करणारा कण.' सरांनी तिला दोनपैकी दीड गुण दिला आणि तो पेपर सगळ्या स्टाफरूमला वाचून दाखवला.

२०१७च्या हिवाळ्यात मुंबईच्या एका प्रयोगशाळेने सरांच्या अकराव्या पत्राला उत्तर दिले: दहावीची मुले घेऊन या, यंत्र दाखवू. पण आमचे मुख्याध्यापक नेमके त्याच महिन्यात निवृत्त झालेले, आणि सहलीच्या परवानगीच्या अर्जावर शाळाप्रमुखाची सही हवी. दुसऱ्याच दिवशी, कधी नव्हे ते, सरांनी प्रभार घेतला आणि पहिली सही सहलीच्या अर्जावर केली.

निघायच्या आदल्या दुपारी तालुक्याच्या शिक्षण कार्यालयातून फोन आला. "उद्या अकरा वाजता सगळ्या मुख्याध्यापकांची मीटिंग. दुसऱ्या कुणाला पाठवायचं नाय, स्वतः यायचं."

प्रयोगशाळेला ती एकच सकाळ मोकळी होती. "सर, आजारी पडा," मी म्हटले, "सरळ ताप आला म्हणा."

"अर्जावर सही माझी, आणि मीच गायब? साहेबांनी चौकशी केली तर सहलच रद्द होईल." त्यांनी मुलांच्या नावांची यादी माझ्या हातात दिली. "तुम्ही न्या त्यांना."

अशा रीतीने ते यंत्र पाहायला गेला तो मराठीचा मास्तर. यंत्र कपाटाएवढे, पंपाची संथ घरघर. तिथल्या मॅडमनी त्या खोलीतल्याच हवेचा नमुना आत सोडला आणि पडद्यावर आलेखाचे एकेक शिखर उभे राहू लागले. पस्तीस मुले माना उंचावून बघत होती. ती दीड गुणवाली मुलगी माझ्या कानाशी म्हणाली, "सर बोललेले तसंच हाय." आयुष्यभर जी हवा मी नाकातोंडाने घेतली तिच्यातला एकेक जण आपापल्या वजनाने वळून आपल्या जागी जाऊन पडत होता, आणि सरांनी एस.टी.त काढलेले प्रत्येक वळण खरे होते.

छापून मिळालेला आलेख मी दुसऱ्या दिवशी सरांपुढे ठेवला. मीटिंग कशाची होती, मी विचारले. "माहितीचे रकाने कसे भरायचे त्याची," ते म्हणाले, पण डोळे कागदावर. मग एकेका शिखरावर बोट ठेवून, लग्नात पाहुण्यांची ओळख करून द्यावी तसे, ते सांगू लागले. "हा अठ्ठावीस वजनाचा, नायट्रोजन. बत्तीस, ऑक्सिजन. हा चाळीसवाला आर्गॉन, कुणाच्या अध्यात ना मध्यात." चव्वेचाळीसवरच्या बारक्या शिखरापाशी बोट थांबले. "कार्बन डायऑक्साइड. खोली बंद होती?"

"हो."

"मुलं सगळी आत होती?"

"सगळी. मी पण."

"मग ह्यात तुमचा सगळ्यांचा श्वास आलाय, सर. पोरांचा, तुमचा, त्या मॅडमचा." ते थोडेसे हसले. "माझा तेवढा नाही."

तेवढ्यात शिपाई सह्यांची फाइल घेऊन आला. सरांनी कागद हलकेच माझ्याकडे सरकवला आणि पेनाचे टोपण काढले.