शिळं ठरवलेलं पाणी

"घरची कळशी बुडवलीस आमच्या ड्रममध्ये?"

मॅडम दारात उभ्या. मी ड्रमवर वाकलेली, कळशी अर्धी भरलेली. शेजारच्या बंगल्यातल्या बाई कुंपणापलीकडून बघत होत्या. चोरी करताना पकडली गेल्यासारखं झालं मला. चोरी कसली? मघाशीच विचारलं होतं, "मॅडम, हे ड्रममधलं पाणी वतूनच द्यायचं हाय तर एक कळशी घरी नेऊ का?" मोबाईलमधून मान वर न करता त्या "ने" म्हणाल्या होत्या.

आमच्या शहरात नळ रोज येत नाही. ज्या दिवशी येतो त्या दिवशी या बंगल्यात माझं पहिलं काम ठरलेलं. ड्रममधलं जुनं पाणी ओतायचं, नवं भरायचं. जुनं म्हणजे शिळं. वास नाही, किडा नाही, तळ दिसेल इतकं स्वच्छ. पण शिळं. मी ड्रम कलंडायचे आणि पाणी फरशीवरून वाहत गटारात जायचं. बाग होती, पण तिथल्या हिरवळीलाही पाईपचं ताजं पाणी लागायचं.

इकडं आमच्या वस्तीत, मुकुंदवाडीत, माझी सासू परातीत बसून अंघोळ करते. ते पाणी मी बादलीत धरते, त्यात कपडे भिजवते, उरलेल्यानं मोरी धुते. तांदळाचं धुवण कढीपत्त्याला. हौस म्हणून नाही करत. आमच्या नळाला येतंच करंगळीएवढं.

"ती कळशी पण ओत. आणि ड्रम तीन वेळा घास, साबणानं," मॅडम म्हणाल्या.

ओतली. नळाला पाणी आलं होतं. त्या ताज्या पाण्यानं ड्रम घासायला घेतला. शरमेनं कान तापले होते. राग माझाच येत होता, कशाला मागितलं म्हणून. एकदा घासला. दुसऱ्यांदा घासला. बादल्यांनी पाणी गटारात गेलं, तेही चांगलं, नुकतंच आलेलं. कशासाठी? माझी कळशी लागली म्हणून. याच हातांनी मी त्यांची ताटं घासते, त्यांच्या नातवाचा दुधाचा ग्लास धुते. तेव्हा चालतं.

तिसऱ्यांदा नळाखाली बादली धरली आणि हात थांबला. तोटी बंद केली.

"काय झालं?"

"आता नाय घासणार. ड्रमात घाण नव्हतीच, मॅडम."

"हे बघ, मी जातपात मानत नाही हं. स्वच्छतेचं बोलतेय."

"जातीचं नाव म्या काढलंच नव्हतं."

त्यांनी कुंपणाकडं पाहिलं. शेजारच्या बाई एकदम आपल्या कुंड्यांकडं वळल्या.

"उद्यापासून येऊ नकोस."

"नाय येणार."

रिकामी कळशी काखेत घेऊन निघाले. रडू आलं नाही. चीड आली, आणि ती अजून गेलेली नाही. त्यांनी हाकललं त्याची नाही तेवढी, दोनदा मी गुमान घासलं त्याची.

घरी सासू म्हणाली, "आता वं?"

आता दुसरं काम शोधीन. मिळेल. पण पहिल्याच दिवशी, आत पाऊल टाकायच्या आधी, दारातच सांगणार आहे. भांडी घासीन, फरशी पुशीन, कपडे धुवीन. माझा स्पर्श धुवायला मात्र पाण्याचा एक थेंब सांडणार नाही. पटलं तर ठेवा.