सर्टिफिकेट एकटं येत नाही

बारावी सायन्सला मला जेमतेम पास होण्यापुरते मार्क पडले. रसायनशास्त्रात तर अगदी काठावर. निकालाच्या दिवशी मामा घरी आला होता. मुकुटबनला त्याचं मेडिकल होतं, त्यामुळे औषधांच्या बाबतीत आमच्या घरात त्याचाच शब्द चाले. मी डी. फार्मसी करणार म्हटल्यावर तो हसला.

"तुले गोळीचं नाव तरी वाचता येईन काय?"

आईने मान खाली घातली. बाबा म्हणाले, बीएला टाकू, मग स्थळं पाहू.

मी रडले नाही, रुसलेही नाही. दुसऱ्या दिवशी एसटीने वणीला गेले आणि प्रवेशाची चौकशी करून आले. डिप्लोमाला बारावी पास लागत होतं. पास तर मी होते.

पहिल्या वर्षी रसायनशास्त्राने पुन्हा दगा दिला. एक सर भर वर्गात म्हणाले, काहींनी वेळीच दुसरा विचार करावा. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी पहिल्या बाकावर बसत होते, तिथेच बसत राहिले.

पाठांतर मला जमत नाही हे एव्हाना कळलं होतं. मग मी घरातल्या औषधांपासून सुरुवात केली. आईची थायरॉईडची, बाबांची ॲसिडिटीची, शेजारच्या काकूंची बीपीची. गोळी पोटात जाऊन काय करते हे समजलं की नाव आपसूक लक्षात राही. एसटीत मी हे स्वतःलाच मोठ्याने समजावून सांगे. बाजूच्या बाया जरा सरकून बसत. फेरपरीक्षेत सुटले. पुढेही रखडत, पण सुटत गेले आणि फार्मासिस्ट म्हणून माझी नोंदणी झाली.

त्याच सुमारास मामाच्या दुकानातला फार्मासिस्ट सोडून गेला. नोंदणी असलेल्या माणसाशिवाय मेडिकल चालवता येत नाही. मामा जिलेबी घेऊन आला. सर्टिफिकेट दुकानात लावू, तू आरामात घरी राहा, असं त्याचं म्हणणं. बाबांनाही ते पटलं.

"मामा, सर्टिफिकेट एकटं येत नाही," मी म्हटलं. "काउंटरवर मी बसीन. गोळी मी देईन."

"लोकं काय म्हणतीन?"

"म्हणू दे."

तो उठून गेला. मामाशी असं बोलतात का, म्हणून आई माझ्याशी बोलेना. दुकान काही दिवस बंद राहिलं. शेवटी मामाचा निरोप आला, ये म्हणून.

सुरुवातीला गिऱ्हाइकं मला ओलांडून त्यालाच विचारत. एक दिवस त्याच्या ओळखीचा माणूस आला. पोरीच्या खोकल्यासाठी त्याला जोरदार अँटिबायोटिक हवं होतं, डॉक्टरची चिठ्ठी नव्हती. मामा नेहमी देत असे. मी नाही म्हटलं, आधी पोरीला डॉक्टरला दाखवा. मामाचा हात खणाकडे गेला. मी खण लावून टाकला.

"आता जबाबदारी माही आहे, मामा."

तो माणूस बडबडत निघून गेला. दुसऱ्या दिवशी एक म्हातारी चिठ्ठी घेऊन आली आणि सवयीने मामापुढे उभी राहिली.

"मले कायले विचारता?" तो म्हणाला. "तिले विचारा."

त्याच्या आवाजातला राग अजून गेला नव्हता. मी चिठ्ठी घेतली आणि म्हातारीला स्टूल दिलं.