हिराक्काचा वर राहिलेला हात

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, लेकीला नाही, आणि जिला सांगायला हवं होतं तिला तर नाहीच. तुम्हाला का सांगतेय? कदाचित तुम्ही मला ओळखत नाही म्हणून.

ऑफिसपासून सुरू करते. तिथलं बोलायला मला आवडतं. कोल्हापुरात शाहूपुरीला, एका गुळाच्या दुकानाच्या माडीवर आमच्या संस्थेच्या दोन खोल्या होत्या. हंगामात जिन्याला गुळाचा वास आणि पायऱ्यांवर मुंगळे. आम्ही चौघीजणी होतो. काम टीबीच्या रुग्णांचं. गोळ्या सरकारी दवाखान्यातून यायच्या, पण त्या रोज माणसाच्या पोटात जातायत का, हे बघत घरोघरी हिंडणाऱ्या आम्ही. आमचा पगार, एसटीचं भाडं, सगळं परदेशातून येणाऱ्या निधीवर चालायचं. दुपारी जिन्यात बसून भडंग खायचो. कुणाचा शेवटचा रिपोर्ट चांगला आला की त्या घरून काहीतरी यायचं — हरभऱ्याचे डहाळे, ताकाची किटली. एकदा तर जिवंत कोंबडी आली होती, ती दिवसभर फायलींच्या कपाटाखाली बसून होती. ते दिवस आठवले की अजून छान वाटतं. वाटू नये, पण वाटतं.

तिथंच मला हिराक्का भेटली. कुरुंदवाडची. घरी ब्लाऊज शिवायची. नवरा इचलकरंजीला यंत्रमागावर कामाला, एक मुलगी, वैशाली. हिराक्काला साध्या गोळ्यांना दाद न देणारा टीबी झाला होता. दोन वर्षं औषधं, त्यात कितीतरी महिने रोज इंजेक्शन. त्या इंजेक्शनांनी जीव वाचवला आणि कान नेले — डावा पुरता, उजवा अर्धामुर्धा. म्हणून ती मोठ्यानं बोलायची. गल्लीच्या तोंडाशी मी दिसले की आतूनच हाक, "आली बघ माझी गोळीवाली!" माझे सगळे ब्लाऊज ती शिवायची. मापं तोंडपाठ होती तिला.

मग एका वर्षी पत्र आलं, की परदेशी निधी आटत चाललाय. नेपाळ, बांगलादेश, श्रीलंका आणि आपण, अशा सगळ्या संस्थांनी मिळून दिल्लीत निधी देणाऱ्यांपुढं बाजू मांडायची ठरली. हे पैसे थांबले तर गावोगाव काय होईल, ते आजार भोगलेल्या माणसानं स्वतःच्या तोंडानं सांगायचं. मी हिराक्काचं नाव सुचवलं. ती नको म्हणाली. मी तीन वेळा कुरुंदवाडला गेले. काय काय बोलले मी! "लाज कसली अक्का? आजार हाय, गुन्हा न्हवं. आपणच तोंड लपवलं तर लोकं कधी सुधारायची?"

बोलायला किती सोपं असतं ना ते?

आता मुद्द्यावर यायला हवं.

मी वीस वर्षांची असताना मला टीबी झाला होता. हो, मला. आईनं मला वारणानगरला मामाकडं पाठवलं. मामा कारखान्यात होता, कॉलनीत दोन खोल्या. गल्लीत सांगितलं, टायपिंग शिकायला गेलीय. सहा महिने मामी मला रोज दोन अंडी आणि पेलाभर दूध द्यायची, कपबशी मात्र वेगळी. दुपारच्या भोंग्याला मी गोळ्या घ्यायचे. मी बरी झाले. पुढच्याच वर्षी लग्न होऊन कसबा बावड्यात आले. आई म्हणाली होती, "कुणापाशी बोलू नगंस." मी बोलले नाही. एक्स-रेत डाग दिसला तेव्हा नवऱ्याला म्हटलं, लहानपणी न्यूमोनिया झालता. आणि मग याच आजाराच्या कामाला लागले. का? परतफेड म्हणून? माझं मला कधी नीट कळलं नाही.

दिल्लीत सभागृहाबाहेरच्या व्हरांड्यात हिराक्कानं माझं मनगट धरलं.

"खरं सांग. तुला कधी झालता ह्यो रोग?"

"न्हाई, अक्का."

"झाला असता तर असं बोलली असतीस चारचौघात?"

"बोलले असते की."

तिनं मान डोलावली. मनगट सोडलं. आत गेली आणि बोलली — कानांबद्दल, इंजेक्शनांबद्दल, रोज दारात येणाऱ्या माझ्याबद्दल. मी वाक्यावाक्याला हिंदी करून सांगत होते. शेवटी निधीवाल्यांपैकी एक बाई म्हणाल्या, ज्यांना स्वतःला हा आजार होऊन गेलाय त्यांनी हात वर करा. मी ते हिराक्काच्या उजव्या कानात सांगितलं. नेपाळच्या रांगेत तीन-चार हात वर गेले, बांगलादेशच्या रांगेतही. आमच्या रांगेत एकच. मी वही उघडून काहीतरी लिहायला लागले. काय लिहिलं? तारीख लिहिली होती.

बाईंनी आभार मानले, सगळ्यांनी हात खाली घेतले. हिराक्काला ऐकू गेलं नाही, आणि बाकीच्या रांगा आमच्या मागं होत्या. त्या भरल्या सभागृहात तिचा एकटीचा हात वर राहिला. फोटो काढणारे काढत होते. मी तिचं कोपर धरून तो हात खाली केला — मी.

निधी टिकला, निदान काही वर्षं. पुढं नवी औषधं आली, ती इंजेक्शनं गेली, पुढच्यांचे कान वाचले. हे तिच्या बोलण्यानं झालं असं म्हणता येणार नाही. पण तो फोटो, खाली टीबीचं नाव छापलेला, फिरत फिरत कुरुंदवाडला पोचला. गोळ्या कशाच्या ते तोवर गल्लीत कुणाला माहीत नव्हतं. ब्लाऊज टाकायला बायका येईनाशा झाल्या. वैशालीचं ठरत आलेलं होतं, तिकडचे फोन थांबले. मुलगा कसबा बावड्यातलाच, आमच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून.

हिराक्का एसटीनं ऑफिसात आली. जिना चढून दमली होती. म्हणाली, "तुला बोल लावाय आली न्हाई. माझ्यासंगं त्यांच्या घरी चल. तू सांगितलंस तर ऐकतील."

मी गेले. मुलाच्या आईनं चहा ठेवला. मी समजावलं, की औषधं पूर्ण झाली की लागण होत नाही, की वैशालीला तर आजार झालाच नव्हता. त्या शांतपणे ऐकत होत्या. वाईट बाई नव्हती ती. मग म्हणाल्या, "ते पुस्तकातलं झालं, ताई. तुमच्या सासूनं आणली असती का टीबीच्या घरातली सून?"

उत्तर एका वाक्याचं होतं. मीच आहे ती, घरातली कशाला, स्वतः आजार भोगलेली, दोन मुलांची आई, तुमच्या समोर बसून तुमचा चहा पितेय. एवढं म्हटलं असतं तर ते स्थळ राहिलं असतं का? माहीत नाही. पण माझ्या सासूबाई आणि त्या एकाच भिशीत होत्या. ते वाक्य संध्याकाळपर्यंत माझ्या घरी पोचलं असतं. मी म्हणाले, "विचार करा." आणि बशी खाली ठेवली.

बाहेर आल्यावर हिराक्का म्हणाली, "लई बोललीस माझ्यासाठी." तिनं माझ्या पाठीवरून हात फिरवला.

वैशालीचं लग्न चार वर्षांनी मिरजेत झालं. तिचं चांगलं चाललंय. हिराक्कानं घरचं शिवण बंद केलं आणि इचलकरंजीला एका कपड्याच्या कारखान्यात जायला लागली, तिथं तिला कुणी ओळखत नव्हतं. या दोन्ही गोष्टींनी माझं काही हलकं होत नाही.

आता पुन्हा निधी आटलाय, या वेळी जास्तच. शाहूपुरीतल्या खोल्या सोडल्या. गेल्या महिन्यात आसपासच्या जिल्ह्यांतले जुने रुग्ण आणि कार्यकर्ते कोल्हापुरात एका हॉलमध्ये जमलो होतो. मदत थांबवू नका, असा एक कागद प्रत्येकानं आपल्या नावानं भरून द्यायचा होता. हिराक्का आली होती. केस पिकलेत, आवाज तसाच. माझ्या शेजारी बसली आणि म्हणाली, "माझाबी तूच भर." कागदावर पहिलाच प्रश्न होता, तुम्हाला स्वतःला हा आजार झाला होता का? तिच्या कागदावर मी ‘हो’ लिहिलं. तिनं खाली सही केली, एकेक अक्षर सावकाश.

मग मी माझा कागद पुढं ओढला, ‘नाही’ लिहिलं, सही केली, आणि दोन्ही कागद टेबलावर नेऊन दिले.