अर्धा मिलिमीटर

येरमाळ्याहून शिवाप्पांच्या बायकोचा, काकूंचा फोन आला तेव्हा मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत होतो. "अप्पा गेले रं," एवढंच त्या म्हणाल्या... त्याला आता दीड महिना झाला. हायवेलगतच्या दुकानात लेथवर पंपाचे शाफ्ट आणि बुश करून देणारे शिवाप्पा माझ्या नात्यातले नव्हते. पण आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मी पहिलाच, आणि माझा प्रकल्प समजून घेणारं मोठं माणूस ते एकटेच.

प्रकल्प लहानशा रेलगनचा होता. तांब्याच्या दोन समांतर पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये ॲल्युमिनियमचा दोन पायांचा तुकडा. त्याला आर्मेचर म्हणतात. जोराचा वीजप्रवाह सोडला की तो या तुकड्यातून एका पट्टीकडून दुसरीकडं जातो आणि तुकडा पुढं फेकला जातो. कॉलेजात केलेले माझे पहिले तुकडे ठिणग्या उडवत वितळले, पट्ट्याही जळाल्या. मग मी जास्त कडक ॲल्युमिनियम निवडलं आणि तेच ड्रॉइंग घेऊन अप्पांकडं गेलो.

"इंजिनेर, हे काय, चिमटा का?" ते हसले.

"अप्पा, मापं मात्र कागदावरचीच ठेवा."

"तुझ्या कागदाभाईर जातोय व्हय म्या?"

त्यांचे तुकडे सुसाट गेले. घट्ट बसत होते, पण ती मला त्यांच्या हाताची सफाई वाटली. धातू बदलल्यामुळं यश आलं, असं मी अहवालात लिहिलं. त्याला बक्षीस मिळालं, त्यावर पुढच्या शिक्षणाची मुलाखत ठरली.

गेल्या आठवड्यात काकूंनी उरलेले तुकडे न्यायला बोलावलं. सहज मोजले... प्रत्येकाचे पाय माझ्या ड्रॉइंगपेक्षा अर्धा मिलिमीटर बाहेर फाकवलेले. म्हणून ते पट्ट्यांना दाबून धरत होते, ठिणगी पडायला मधे फटच उरत नव्हती. धातूचा काही संबंधच नव्हता.

गिऱ्हाइकाला त्याची चूक सांगायची नाही, वस्तू गुपचूप बरोबर करून द्यायची, ही अप्पांची रीत. पंप दुरुस्तीला ती चालते. मला शिकायचं होतं. तेही तुकडे वितळले असते तर कदाचित मीच कारण शोधलं असतं... ते त्यांनी माझ्याकडून काढून घेतलं. गेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मला राग आहे.

काल सरांना सांगून अहवाल मागं घेतला. मुलाखतही गेली. मग येरमाळ्याला गेलो. दुकानाच्या भिंतीवर माझं ड्रॉइंग चिकटवलेलं होतं. मी ते काढायला लागलो.

"असू दे रं," काकू म्हणाल्या. "अप्पा येईल त्याला दावायचे. म्हणायचे, आमच्या इंजिनेरनं काढलंय, एक रेघ चुकली न्हाय."