झाकलेला डाव

माझं डोकं लवकर तापतं, हे दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला माहीत आहे. औरंगपुऱ्यात वीस वर्षं झाली, कॉम्प्युटर दुरुस्त करतोय. फारूखचा हात चांगला आहे, पण तोंड फाटकं आहे, असं लोक म्हणतात. म्हणोत. गिऱ्हाईक घरी नको ते उद्योग करून ठेवतं आणि वर मलाच विचारतं, "असं कसं झालं हो?" आता माणसानं चिडू नये तर काय करावं? पण वैजनाथकाकांवर जे चिडलो ते मला अजून पचलेलं नाय. म्हणून सांगतोय.

काका पहिल्यांदा आले ते रिक्षातून, सीपीयूचा डबा मांडीवर घेऊन. लेकराला दवाखान्यात आणावं तसा दोन्ही हातांनी धरलेला. पंच्याहत्तरीचा माणूस, पांढरा सदरा, जाड भिंगाचा चष्मा. मूळचे देवगाव रंगारीचे, नोकरी सगळी कन्नडकडच्या एका साखर कारखान्यात टाइमकीपर म्हणून, आता हडको कॉलनीत एकटेच राहतात, एवढं त्यांनी पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं.

"होतंय काय?" मी विचारलं.

"हँग होतो."

"कधी? काय करताना?"

काका जरा घुटमळले. "गेम खेळताना. ऑनलाइन. वीस मिनिटं झाली की पडदा आहे तसा थिजतो. मग माऊस हलत नाही, काही नाही."

गेम! मनात म्हटलं, घ्या, आता हेच बघायचं राहिलं होतं. कॉलेजची पोरं रात्रंदिवस गेम खेळून मशीन जाळतात, ते समजू शकतो. पण हा आजोबा? नक्की पत्त्यांचा नाद लागलाय. "काका, या वयात गेम?" असं मी तोंडावरच बोललो. ते नुसते हसले. मला तेव्हा दोन शब्द विचारता आले असते, कोणता गेम, कुणाबरोबर. नाय विचारले.

डबा उघडला आणि ब्लोअर मारला, तर आतून असा भुगा उडाला की दुकान पिंजाऱ्याचं वाटायला लागलं. सगळा कापूस. धुळीत कापूस कुठून आला, हा प्रश्न कुठल्याही शहाण्या मेकॅनिकला पडायला पाहिजे. मला नाय पडला. पंख्यात अडकलेले धागे काढले, प्रोसेसरवरची वाळलेली पेस्ट खरवडून नवी लावली, चार तास जड गेम चालवून बघितला. मशीन कुठं अडली नाय. काकांना सांगितलं, "घेऊन जा. एकदम टकाटक."

आठ दिवसांनी काका परत. तोच डबा, तीच मांडी.

"दुकानात चालतं आणि घरी बंद पडतं?" माझा पारा चढला. "काका, तुम्ही नक्की काय करता घरी?"

"काही नाही हो. चार वाजता बसतो. सव्वाचार, चार वीस, की संपलं."

या वेळी रॅम काढून खोडरबरानं घासली, विंडोज नव्यानं टाकली, केबली बदलल्या. आणि आठ दिवसांत आत पुन्हा तेवढाच कापूस! तरी मला वाटलं, हडकोत धूळ लई असेल. दुकानात दिवसभर चालवली. अजिबात हँग नाय. परत पाठवली.

तिसऱ्यांदा ते रिकाम्या हातानं आले. एप्रिलातला शनिवार, दुपारचे तीन, बाहेर ऊन मी म्हणत होतं. दुकानात माझी सहा मशीन टेस्टिंगला चालू होती आणि काउंटरवर गिऱ्हाइकांची गर्दी.

"फारूखभाई, एकदा घरी येऊन बघता का?"

"बघू. पुढच्या आठवड्यात."

काका तिथंच उभे राहिले. चालू असलेल्या सहा पडद्यांकडं त्यांनी एकदा बघितलं. मग हळूच म्हणाले, "मग इथं एखाद्यावर बसलो तर चालेल का? अर्धा तास. चार वाजता. रोज नाही म्हणत मी, फक्त आज."

"काका, हे दुरुस्तीचं दुकान आहे, गेमचा अड्डा नाय," मी मोठ्यानं बोललो. काउंटरवरचे सगळे हसले. मलाही मजा वाटली, खोटं कशाला बोलू.

"बरोबर आहे तुमचं," काका म्हणाले. पायात चपला सरकवल्या आणि गेले.

बुधवारी एका गिऱ्हाइकाकडं टीव्ही सेंटरला जायचं होतं, म्हणून वाटेत हडकोत गाडी थांबवली. तीन वाजून गेले होते. दोन खोल्यांचं घर, भांडी घासून पालथी घातलेली, सगळं जागच्या जागी. कोपऱ्यात टेबल. आणि टेबलावर मॉनिटर, सीपीयू, सगळ्याला मिळून वरून खालपर्यंत एक जाडजूड गोधडी पांघरलेली. आतून पंख्याची घरघर ऐकू येत होती. मशीन चालू होती.

मी हात लावला. गोधडी इस्त्री केल्यासारखी गरम.

"या अल्लाह! काका, मशीन चालू ठेवून वरून गोधडी? या उन्हाळ्यात तुमच्या अंगावर कुणी गोधडी टाकून दारं लावून घेतली तर चालंल का तुम्हाला? म्हणून हँग होतो हा! सारा कापूस या गोधडीचा! किती वेळ असा असतो?"

"रात्रंदिवस असतो," काका म्हणाले. "खेळताना पडद्यापुरती वर करतो. बाकी तशीच."

"बंद का नाय करत मग? बटण आहे ना!"

"बंद केला तर डाव मोडेल ना, फारूखभाई. हँग झाला की नाइलाजानं करावा लागतो, तेव्हाही धाकधूक होते."

"कसला डाव?"

तेव्हा काकांनी पहिल्यांदा सांगितलं. त्यांचा गेम म्हणजे बुद्धिबळ. आणि समोरचा खेळाडू एकच, मोतीराम.

मोतीराम कारखान्यात बॉयलरवर होता. क्वार्टर शेजारी शेजारी. उसाचं गळीत संपलं की पुढचे महिने हाताला काम नाही, तेव्हा दोघं ओट्यावर पट मांडून बसायचे. डाव कधी एका बैठकीत संपायचा नाही. अंधार पडला, नाहीतर जेवायला हाक आली, की दोघांतला एक म्हणायचा, "झाक." मग पोरांनी, मांजरांनी सोंगट्या हलवू नयेत म्हणून पटावर कोंबड्यांचं डालगं नाहीतर गोधडी टाकायची. झाकलेला डाव म्हणजे मी उद्या येणार. नुसतं उठून जायचं नाही, तो नियम होता.

"एकदाच मोडला," काका म्हणाले. "मी मोडला. संप झाला होता, आणि मी हजेरीच्या मस्टरवर मोतीरामचे सगळे दिवस खाडे लावले. हुकूमच होता तसा. तो डाव खेळता खेळता एवढंच म्हणाला की, वैजनाथ, तू आमच्यातला नाहीस. मी पट उधळला आणि उठून गेलो. दोन वर्षं बोललो नाही आम्ही. भिंतीला भिंत लागून राहायचो, पण दोन वर्षं. शेवटी तोच पट काखेत मारून आला. म्हणाला, पुन्हा असा उठू नकोस."

मागच्या वर्षी मोतीरामला लकवा मारला. पुण्याला त्याची मुलगी रूपा घेऊन गेली. बोलणं गेलं, आणि नुसतं बोलणं नाही, दुसऱ्याचं बोललेलंही कळेना. स्वतःचं नाव कळेना. फोन कानाला लावला तर नुसता आवाज काढायचा. डॉक्टरांनी आशा सोडली होती. पण रूपानं एकदा समोर पट ठेवला, तर बापानं डाव्या हातानं घोडा उचलून बरोब्बर अडीच घरं टाकला. ती रडायलाच लागली. मग तिनं हे ऑनलाइन जुळवून दिलं. एका चालीला सात दिवसांची मुदत लावली, म्हणजे डाव घाईनं मोडू नये. रोज चार वाजता दोघं बसायचे. काकांच्या डोळ्यांना मोबाइलवरचा पट दिसत नव्हता, म्हणून हे जुनं मशीन.

"तिकडं त्याच्या पडद्यावर माझ्या नावापुढं हिरवा ठिपका असतो," काका म्हणाले. "हा हँग झाला की ठिपका जातो. रूपा म्हणाली, ठिपका गेला की बाबा पडद्याकडं बघत बसतात आणि डोळ्यांतून पाणी येतं. त्याला वाटतं मी उठलो. मी फोनवर ओरडून सांगतो, मोतीराम, मशीन बिघडलं रे! पण त्याला शब्द पोचत नाहीत. त्याला फक्त पट पोचतो. शनिवारी पुन्हा चार वीसला बंद पडला. माझीच चाल होती. तेव्हापासून तो आलेलाच नाही. रूपाचा फोनही लागत नाही. रुसला असणार."

मी खाली मान घालून सीपीयू उघडत होतो. शनिवारी दुपारी माझी सहा मशीन चालू होती. सहा! त्यातल्या एकावर हा माणूस बसला असता, तर माझं काय जाणार होतं? अर्धा तास मागत होता बिचारा. आणि मी चार लोकांना हसवलं.

साफसफाई केली. पंखा नवा बसवला. सीपीयू टेबलाखाली मोकळ्या हवेत ठेवला. आणि या खेपेला मी ओरडलो नाय. म्हटलं, "काका, पट या डब्यात नसतोच. तो लांब दुसऱ्या मोठ्या मशीनवर असतो. तुम्ही हे बंद करा, उपटून फेका, तरी तुमचा डाव तिथं जसाच्या तसा राहतो. गोधडीची गरजच नव्हती."

"गरज नव्हती?" काका म्हणाले. "म्हणजे माझ्या झाकण्यानंच..."

मी टेबलाखाली वाकून केबली जोडायला लागलो.

चार वाजता काका खुर्चीत बसले. शनिवारचा डाव समोर आला. मोतीरामच्या नावापुढं ठिपका राखाडीच. सव्वाचार झाले, साडेचार झाले. मशीन झकास चालत होती, पंख्याचा आवाजही नाय. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, हँग झाली असती तर बरं झालं असतं. निदान दोष मशीनवर टाकता आला असता.

काकांनी रूपाला फोन लावला. या वेळी लागला. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून फोन स्पीकरवरच होता.

"काका, बाबा गेले हो," ती म्हणाली. "रविवारी पहाटे. झोपेतच. मी कुणालाच कळवलं नाही, फोनच बंद होता माझा. तुम्हाला कसं सांगू, तेच कळत नव्हतं."

काकांनी टेबलाची कड धरली. ते काय विचारणार, ते मला ठाऊक होतं. "शनिवारी मी उठलो असंच वाटलं का गं त्याला? रडला का तो?"

"नाही, शनिवारी नाही रडले. उलट जरा त्रासच दिला मला. ठिपका गेला, म्हणून मी लॅपटॉप बंद करायला गेले, तर हात लावू देईनात. डाव्या हातानं नुसती चादर ओढत होते. मला वाटलं थंडी वाजतेय, म्हणून पांघरूण घातलं, तर ते फेकून दिलं. शेवटी उशाचा टॉवेल ओढला आणि लॅपटॉपवर टाकला. नीट चारी बाजूंनी सारखा केला. मला वाटलं, डोळ्यांवर उजेड येत असेल. मग शांत झोपले."

"टॉवेल टाकला?" काकांचा आवाज चिरकला. "त्यानं टाकला? स्वतः?"

"हो. का हो काका?"

"झाकला गं त्यानं," काका म्हणाले. "डाव झाकला!" आणि ते लहान लेकरासारखे हमसून हमसून रडायला लागले. तिकडं रूपाला काही कळेना, ती नुसतीच काका, काका करत राहिली. मी फोन घेतला आणि जमेल तसं तिला समजावलं. मी त्या मोतीरामला कधी बघितलंसुद्धा नव्हतं.

निघताना काकांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "फारूखभाई, तो डाव तिथं राहील म्हणालात ना? त्या मोठ्या मशीनवर? जसाच्या तसा?"

शनिवारी सात दिवस भरणार होते. चाल काकांची होती, आणि मुदत संपली की ती साइट डाव आपोआप मोडते, हे मला पक्कं माहीत होतं. वीस वर्षांत मी कुठल्याच गिऱ्हाइकाला खरं सांगायचं सोडलं नव्हतं.

"राहील, काका," मी म्हणालो.

मग मी त्या गोधडीचं एक टोक धरलं. दुसरं काकांनी धरलं. चालू पडद्यावर आम्ही ती नीट चारी बाजूंनी पांघरली.